विश्लेषण : मडके ही कला की कारागिरी? बेळगावात जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी घातलेला तिढा

नवरात्रात घट, संक्रांतीला सुगड, अक्षय्य तृतीयेला करा-केळी, उन्हाळ्यात माठ आणि दिवाळीला पणत्या. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या आठवडी बाजारांत मातीची भांडी आजही लागतात. ती घेताना गिऱ्हाईक घासाघीस करते. मातीचेच भांडे मुंबई-पुण्याच्या कलादालनात काचेच्या पेटीत ठेवले, खाली करणाऱ्याचे नाव लिहिले, की त्याला कलाकृती म्हणतात आणि भाव कुणी विचारला तरी हळू आवाजात विचारतो. माती आणि चाक तेच असताना एकाला कुंभार आणि दुसऱ्याला कलाकार का म्हणायचे? या वादाची आधुनिक भारतातली सुरुवात ज्या माणसांपासून झाली, त्यांत सर जॉर्ज बर्डवुड हे नाव अग्रभागी आहे. भारतीय कुंभाराची इतकी मनापासून स्तुती त्यांच्याआधी क्वचितच कुणा इंग्रजाने केली असेल. भारतात ललित कला नाहीच, असे ठामपणे सांगणारेही तेच होते.

जॉर्ज बर्डवुड कोण होते?

बर्डवुड यांचा जन्म ८ डिसेंबर १८३२ रोजी बेळगाव येथे झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. एडिंबरा विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन १८५४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १८५६-५७ च्या इराण मोहिमेत त्यांनी काम केले आणि नंतर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले.

पेशाने डॉक्टर असले तरी त्यांचे लक्ष दवाखान्यात मावत नव्हते. कोणते झाड कुठे उगवते, त्याच्या सालीचे काय करतात, कोणता रंग कोणत्या फुलापासून निघतो, कोणत्या गावी कोणते कापड विणतात, याच्या नोंदी ते ठेवत गेले. मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ बराच वापरला गेला. वस्तू जवळून पाहण्याची ही सवयच पुढे त्यांना कुंभाराच्या चाकापर्यंत घेऊन गेली.

मुंबईत त्यांनी काय उभे केले?

१८५७ च्या उठावाच्या धामधुमीत फोर्टमधल्या बराकी लष्कराला हव्या होत्या. तिथे सरकारी संग्रहालयाच्या वस्तू ठेवलेल्या होत्या. त्या घाईघाईने हलवण्यात आल्या आणि बरेच काही मोडले, हरवले. उरलेल्या संग्रहाची जबाबदारी तरुण बर्डवुड यांच्याकडे आली. त्यांनी डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासोबत शहरासाठी नवे संग्रहालय आणि बाग उभारण्याचे काम हाती घेतले. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. शंकरशेट हे शहरातले मोठे दाते. वर्गणी जमली आणि १८६२ मध्ये भायखळ्याला इमारतीचा पाया घातला गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला आलेली तेजी १८६५ मध्ये कोसळली, पैसा आटला आणि काम रेंगाळले. संग्रहालय लोकांसाठी खुले झाले ते १८७२ मध्ये. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखले जाते आणि शेजारची बाग राणीची बाग म्हणून.

संग्रहालयाच्या आवारात उभा असलेला दगडी हत्तीही बर्डवुड यांच्यामुळे वाचला. घारापुरी बेटाला इंग्रजीत ज्याच्यावरून नाव पडले, तोच हा हत्ती. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला आणि उचलताना तो कोसळून फुटला. तुकडे वाया जाऊ न देता बर्डवुड यांनी ते जतन करवले. १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला.

मुंबई विद्यापीठाचे कुलसचिवपद, एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे काम आणि १८६४ मध्ये शहराचे शेरीफपद असा त्यांचा पसारा वाढत होता. प्रकृतीने मात्र साथ दिली नाही. १८६८ मध्ये त्यांना इंग्लंडला परतावे लागले आणि पुढे ते लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये काम करू लागले. भारतातल्या कारागिरांवरचे त्यांचे सर्वात गाजलेले लेखन याच काळातले, म्हणजे भारत सोडल्यानंतरचे आहे. त्यांचे लेखन वाचताना हे अंतर ध्यानात ठेवावे लागते.

कुंभाराबद्दल त्यांनी काय लिहिले?

१८७८ च्या पॅरिस प्रदर्शनातील भारतीय दालनासाठी बर्डवुड यांनी एक मार्गदर्शिका लिहिली. तिच्यातूनच १८८० मध्ये ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक तयार झाले. सोनारकाम, तांबट-कासारांचे काम, विणकाम, गालिचे, लाकूडकाम आणि मातीकाम अशी भारतातल्या हस्तकलांची एकत्र ओळख त्यात आहे.

पुस्तकातले एक शब्दचित्र विशेष गाजले. गावाच्या वेशीबाहेर उंचवट्यावर वंशपरंपरेने आलेला कुंभार चाकाशी बसला आहे. त्याच्या हातांच्या नैसर्गिक वळणातून फिरत्या मातीला आकार येतो आहे. गावात माग चालले आहेत, भांड्यांवर हातोडी पडते आहे, सोनार दागिना घडवतो आहे. कुणी घाईत नाही, कुणाला उद्याची चिंता नाही. भारतात हाताने घडलेली अगदी स्वस्तातली वस्तू, साधे मातीचे भांडेसुद्धा, सुंदर असते असे त्यांचे म्हणणे होते. भांड्याचा आकार त्याच्या उपयोगातून आलेला असतो आणि मातीवर जबरदस्ती केलेली नसते, यात त्यांना त्याचे मोठेपण दिसले.

इंग्लंडमध्ये हे विचार कानांना हवेच होते. कारखान्यांतून निघणाऱ्या एकसारख्या मालाला तिथले अनेक कलावंत विटले होते. १८७९ मध्ये विल्यम मॉरिस, एडवर्ड बर्न-जोन्स आदींनी सही करून बर्डवुड यांना मानपत्र दिले. हाताच्या कामाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देऊ पाहणाऱ्या चळवळीला भारतातले गाव हा जिवंत पुरावा वाटत होता.

ते चित्र जुन्नर-आंबेगावला किती लागू पडते?

बाह्य रूप ओळखीचे आहे. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांतल्या गावांत कुंभार हा बलुतेदारांपैकी एक होता. तो वर्षभर घरोघरी गाडगी-मडकी पुरवायचा आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा घ्यायचा. एकेका भांड्याची किंमत ठरत नसे. लग्नातल्या कलशापासून तिरडीपुढच्या मडक्यापर्यंत त्याच्यावाचून गावाचे चालत नसे.

मात्र त्या शब्दचित्रात फक्त चाक दिसते आणि चाक हे निम्मेच काम आहे. दख्खनची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. म्हणून नदीकाठचा किंवा तळ्यातला गाळ निवडायचा, चाळायचा, त्यात राख किंवा लीद मिसळायची आणि पायांनी तुडवायची. चाकावर निघालेले भांडे जाड आणि लहान असते. ते थोडे सुकल्यावर आतून गुळगुळीत गोटा धरून बाहेरून लाकडी थापीने थोपटत मोठे आणि पातळ करावे लागते. मग सावलीत वाळवण आणि शेवटी आवा. साध्या आव्यात आच साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत जाते. मधेच पाऊस आला किंवा आच असमान लागली तर आठवडाभराची मेहनत फुटते. माती तयार करणे, भांडी वाळवणे, रंग देणे आणि डोक्यावर पाटी घेऊन विकणे यांत घरातल्या बायकांचा वाटा मोठा असतो. बर्डवुड यांच्या शांत चित्रात ना आव्याची धास्ती आहे, ना या बायका.

मातीचे भांडे कमी आचेवर भाजलेले असल्याने सच्छिद्र राहते. त्या छिद्रांतून पाणी पाझरते, वाऱ्याने उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते यामुळे. त्यावर काचेसारखी झिलई, म्हणजे ग्लेझ, चढवली तर पाझर थांबेल आणि गारवाही जाईल. दख्खनचा कुंभार झिलई देत नव्हता, त्यात मागासलेपणा शोधण्याचे कारण नाही. भांड्याच्या कामाला ती नको होती.

‘मुंबई पॉटरी’ म्हणजे काय?

बर्डवुड लंडनला गेल्यानंतर मुंबईत एक वेगळाच प्रयोग सुरू झाला. जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी हे शिक्षक होते. त्याच शाळेत रुडयार्ड किपलिंग यांचे वडील लॉकवुड किपलिंग १८६५ ते १८७५ या काळात शिकवत होते. ते इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर या कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या भागातून आले होते.

टेरी यांनी सिंधमधून निष्णात कुंभार मुंबईला आणले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता आणि तिथल्या निळ्या, हिरव्या, पिवळ्या झिलईच्या भांड्यांची मोठी ख्याती होती. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे.चे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करू लागले होते. त्या चित्रांतल्या आकृती टेरी यांच्या कुंभारांच्या हातून सुरयांवर आणि फुलदाण्यांवर उतरल्या. ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नावाने ही भांडी प्रसिद्ध झाली. परदेशातल्या प्रदर्शनांत ती गेली आणि आजही भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहायला मिळतात.

बर्डवुड यांनी आपल्या पुस्तकात टेरी यांच्या या कामाची नोंद घेतली. त्या भांड्यांकडे नीट पाहिले तर बर्डवुड यांच्या सिद्धांताला तिथेच तडा गेलेला दिसतो. सिंधचा कुंभार, अजिंठ्याचे चित्र, इंग्रज शिक्षक आणि दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवायचे भांडे, अशी ती चार ठिकाणची सरमिसळ होती. तिच्यात वेशीवरचा, पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारा कुंभार नव्हता. होते ते नवे शहर, नवे गिऱ्हाईक आणि नवा आकार यांच्याशी जुळवून घेणारे कसबी हात. टेरी यांचे नाव इतिहासात राहिले. भांडी घडवणाऱ्या बहुतेकांची नावे राहिली नाहीत.

यंत्राला त्यांचा विरोध का होता?

यंत्राचा माल भारतात आला की कारागीर बुडेल आणि त्याच्याबरोबर सौंदर्यही जाईल, असे बर्डवुड सांगत राहिले. तुरुंगातल्या कैद्यांकडून स्वस्तात गालिचे विणून घेण्याच्या सरकारी पद्धतीवरही त्यांनी कडक टीका केली. अशा गालिच्यांमुळे नमुने बिघडतात आणि खऱ्या विणकराचा बाजार मोडतो, असा त्यांचा आक्षेप होता.

जुन्नरला या गोष्टीची झळ प्रत्यक्ष लागली होती. जुन्नरचा हातकागद पेशवाईत नावाजलेला होता. गिरणीचा कागद आला आणि तो धंदा मोडला. कुंभाराचा धंदा मात्र त्या लाटेत तगला, याचे कारण व्यवहाराचे होते. माठ जड, नाजूक आणि स्वस्त. तो जहाजातून किंवा बैलगाडीतून लांबवर नेणे परवडत नव्हते, त्यामुळे गावच्या कुंभाराला परदेशी माल गाठू शकला नाही. त्याला गाठले ते पुढे पितळ, अॅल्युमिनियम, स्टील आणि प्लास्टिकने.

बर्डवुड यांना यंत्राच्या मालात प्रामुख्याने सौंदर्याची हानी दिसत होती. गावाला त्यात पोटाचा प्रश्न दिसत होता. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापड घेऊन जाणारा ट्रक अडवताना ते हुतात्मा झाले. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचे नाव आहे. हाताचा माल की यंत्राचा, देशी की परदेशी, हा वाद बर्डवुड यांनी पुस्तकात मांडला त्याला तोवर ५० वर्षे झाली होती. दरम्यान तो स्वदेशीचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न झाला होता.

१९१० मध्ये नेमके काय घडले?

१३ जानेवारी १९१० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये ई. बी. हॅवेल यांचे भारतातील कलाविषयक प्रशासनावर व्याख्यान होते. हॅवेल कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे प्रमुख राहिलेले. भारतीय शिल्प आणि चित्र यांना युरोपच्या बरोबरीने ललित कला मानावे, असा त्यांचा आग्रह होता. अध्यक्षस्थानी होते ७७ वर्षांचे बर्डवुड.

त्यांनी आपले जुने मत पुन्हा मांडले. हस्तकलेत भारत श्रेष्ठ आहे, पण ललित कला त्याच्याकडे नाही. समोर जावामधल्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीचे छायाचित्र होते. तिच्या निर्विकारपणाची तुलना त्यांनी चरबी घालून उकडलेल्या पुडिंगशी केली. १८८० च्या पुस्तकातही त्यांनी असेच लिहिले होते. पुराणांतल्या देवतांची रूपे उच्च कलेला साजेशी नाहीत आणि म्हणून शिल्प व चित्र या ललित कला इथे वाढल्या नाहीत, असा त्यांचा दावा होता.

यावेळी गप्प बसायला लोक तयार नव्हते. २८ फेब्रुवारी १९१० रोजी ‘टाइम्स’मध्ये १३ कलावंत आणि समीक्षकांचे निषेधाचे पत्र छापून आले. चित्रकार विल्यम रोदेनस्टाइन, हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये इंडिया सोसायटी स्थापन झाली. याच सोसायटीने १९१२ मध्ये रवींद्रनाथ टागोरांची इंग्रजी ‘गीतांजली’ प्रथम प्रकाशित केली आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले. भारतात ललित कला नाही या एका शेऱ्याने जमवलेल्या माणसांनी भारतीय साहित्य जगापुढे ठेवले.

विशेष म्हणजे कुमारस्वामी हे बर्डवुड यांच्या लेखनाचे वाचक होते. भारतीय कारागिरावरच्या आपल्या १९०९ च्या पुस्तकात त्यांनी बर्डवुड यांच्या लेखनाचा आधार घेतला होता. कुंभाराबद्दलचा आदर त्यांनी ठेवला आणि कलाकार कोण हे ठरवणारी फूटपट्टी मात्र नाकारली.

बर्डवुड यांचे २८ जून १९१७ रोजी लंडनजवळच्या ईलिंग येथे निधन झाले. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते.

त्यांचे कुठे चुकले?

याचे उत्तर जुन्नरच्या डोंगरातच कोरलेले आहे. लेण्याद्रीच्या सहा क्रमांकाच्या चैत्यगृहात खांबांच्या तळाशी घट आहे आणि माथ्यावर उपडा घट. म्हणजे साधारण १,९०० वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराने कुंभाराचा आकार उचलून दगडात आणला. नाणेघाटातला दगडी रांजण, जो परंपरेने जकातीचा मानला जातो, तोही मातीच्या रांजणाचाच घाट सांगतो. इथे कारागिरी आणि कला यांच्यात भिंत दिसत नाही.

कारागीर म्हणजे निनावी, न बदलणारा, व्यवहाराशी संबंध नसलेला साधा माणूस, हे चित्रही टिकत नाही. जुन्नरच्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा, म्हणजे संघांचा, उल्लेख आहे. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक लेख आहे. भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेवलेली रक्कम ज्या श्रेणींकडे दिली, त्यांत कुंभारांची श्रेणीही आहे. त्या रकमेचे व्याज श्रेणीने द्यायचे होते. ज्यांच्याकडे लोक विश्वासाने ठेवी ठेवत, ते कुंभार नुसते वेशीवर चाक फिरवत बसलेले नव्हते.

आणखी मागे गेले तर आंबेगावच्या डोंगरात उगम पावणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावला जाते. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे केलेल्या उत्खननात ३,००० वर्षांहून जुनी वस्ती सापडली. तांबड्या मातीवर काळ्या रेषांची नक्षी असलेली जोर्वे पद्धतीची भांडी आणि कुंभाराची भट्टीही मिळाली. काळानुसार तिथल्या भांड्यांचे घाट आणि नक्षी बदलत गेल्याचे थरांवरून दिसते. म्हणजे परंपरा बदलत होती आणि बदलवणारे हात होते.

बर्डवुड यांच्या स्तुतीला अशी एक अट होती. कुंभाराने आहे तसेच राहावे. त्याने नवे काही केले तर तो बिघडला, आणि नाही केले तर तो कलाकार नाही. या कात्रीतून त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती.

स्टुडिओ पॉटरी कुठून आली?

विसाव्या शतकात कुंभारकामाला कलेचा दर्जा मिळाला तो वेगळ्या वाटेने. इंग्रज चित्रकार बर्नार्ड लीच जपानमध्ये कुंभारकाम शिकले आणि १९२० मध्ये शोजी हमादा यांच्यासह इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्ज येथे त्यांनी भट्टी सुरू केली. त्यांचे मित्र सोएत्सु यानागी यांनी जपानमध्ये लोककारागिरीचा गौरव करणारी मिंगेई चळवळ उभी केली. निनावी कारागिराच्या साध्या वस्तूत सर्वोच्च सौंदर्य असते, हे यानागींचे सूत्र बर्डवुड यांच्या मताशी जुळणारे होते. पण या चळवळीतून प्रसिद्ध झाली ती लीच आणि हमादा यांची नावे.

१९१९ मध्ये जपानला गेलेले गुरचरण सिंग याच वर्तुळात शिकले. दिल्लीच्या पठाण कुंभारांकडची जुनी निळी झिलई आणि जपानमधले शिक्षण यांच्या मिलाफातून त्यांची ‘दिल्ली ब्लू’ पॉटरी घडली. महाराष्ट्रात सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शाळेत देवी प्रसाद १९४४ पासून कलाशिक्षक होते. पुढे ते देशातले अग्रगण्य स्टुडिओ कुंभार म्हणून ओळखले गेले. निर्मला पटवर्धन यांनी १९८४ मध्ये कुंभारकाम करणाऱ्यांसाठी हस्तपुस्तक लिहून झिलईचे तंत्र खुले केले.

स्टुडिओतली भट्टी साधारण १,२०० ते १,३०० अंशांपर्यंत तापते. भांडे दगडासारखे घट्ट होते, त्यावर झिलई बसते आणि तळाशी करणाऱ्याची सही असते. तांत्रिक फरक इतकाच. सामाजिक फरक त्याहून मोठा आहे. चाकाशी कोण बसतो, त्याची जात कोणती, शिक्षण कुठे झाले आणि भांडे कोणत्या दुकानात ठेवले आहे, यावर त्याला काय म्हणायचे हे ठरते.

आज या वादाचा परिणाम कुणावर होतो?

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही हीच विभागणी पुढे चालवली. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि १९५४ मध्ये ललित कला अकादमी. कारागिरासाठी एक दार, कलाकारासाठी दुसरे. हस्तकला मंडळ २०२० मध्ये बरखास्त झाले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांमध्ये कुंभार आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज, अशी तिची रचना आहे. ही मदत गरजेची आहे. पण ती व्यवसायाला मिळते. घडवलेल्या वस्तूवर करणाऱ्याचे नाव असावे, त्याच्या नव्या घाटाचा हक्क त्याच्याकडे राहावा, कलाशाळेत त्याला शिकवायला बोलवावे, हे प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतात.

जुन्नर-आंबेगावात कुकडी आणि डिंभे प्रकल्पांच्या कालव्यांनी शेती बदलली. नारायणगावचा टोमॅटो, मंचर परिसरातला बटाटा आणि ऊस यांनी रोख पैसा आणला. धान्याच्या वाट्यावर चालणारे बलुते त्यात उरले नाही. कुंभाराला आता प्रत्येक भांड्यावर कमवायचे आहे आणि वर्षातले मोजके सण व उन्हाळा एवढाच त्याचा हंगाम आहे. अशा वेळी माठाची किंमत फक्त मातीवर आणि मजुरीवर ठरली, तर पुढची पिढी चाकाशी बसणार नाही. ती त्यातल्या कसबावरही ठरली, तर बसू शकेल.

बर्डवुड यांनी हत्तीचे तुकडे जपले, संग्रहालय उभे केले आणि कुंभाराच्या हाताकडे जगाचे लक्ष वेधले. हे ऋण मान्य करून त्यांची फूटपट्टी मात्र बाजूला ठेवावी लागते. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गेलेल्याला खांबाखालचा घट दिसतो. पायथ्याच्या बाजारातला घट घेताना त्याची आठवण ठेवली आणि कुंभाराला त्याचे नाव विचारले, तर दीडशे वर्षांची ही चूक निदान आपल्यापुरती दुरुस्त होईल.